माझा हात काय म्हणाला

मला जन्मभर सगळे एकच सांगत आलेत, तोंड आवर. आधी आई सांगायची, मग नवरा सांगायला लागला, आता मुलगी सांगते. सासरे तेवढे काही म्हणत नाहीत, कारण त्यांना ऐकूच येत नाही. शहाडच्या एका कारखान्यात उभं आयुष्य त्यांनी मशीनच्या शेजारी काढलं, कान तिथेच ठेवून आले. त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे हातानं. जेवायला बसा, औषध घ्या, इकडे या, सगळं हातानं. त्यांच्यापुढे माझं तोंड काही कामाचं नाही.

मी राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. जीन्सला काज-बटन लावून द्यायचं काम करते. दोन मशिनी आहेत, एक मी चालवते, एकीवर कामाला बाई येते. दिवसभर बसून काम. पन्नाशी उलटली आणि शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. अहो, आमच्या गल्लीत चालायचं कुठे? दोन पावलं टाकली की टेम्पो आडवा, चार टाकली की गोण्या, आणि त्यातून वाट काढली तर कोणीतरी हाक मारून उभं करणार, "भाभी, मेरा माल हुआ क्या?" शेवटी मुलीची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती ती काढली, पुसली, चाकात हवा भरली आणि म्हटलं, बघू.

आमच्या नाक्यावरून दर रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक ग्रुप निघतो. वीसेक माणसं. कॅम्प चारहून अंबरनाथ, तिथून एमआयडीसीतून बदलापूर, मग बारवीच्या रस्त्याला एका टपरीवर चहा आणि परत. पहिल्या रविवारी मी पंजाबी ड्रेसवर, साध्या चपलांत, त्यांच्या मागे लागले. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी दुसऱ्या रविवारी गेलेच नसते, इतकी मी नाकाचा शेंडा वर असलेली बाई आहे.

ग्रुपचे पुढारी अंबरनाथचे. एका इंजिनीअरिंग युनिटमधून फिटर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. भयंकर शिस्तीचे. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तर भर रस्त्यात थांबवून बांधायला लावतील. दुसरे आमचे शेटजी. कॅम्प चारमध्ये कापडाचं दुकान, सिंधी माणूस, पोट सायकलच्या दांड्याला टेकतं आणि तोंड कायम हसरं. ते मला भाभी म्हणतात आणि मी कितीही खेकसले तरी म्हणतात, "साईं, भाभी का दिल साफ है." या दोघांची ओळख पुरे आहे, बाकीच्यांची तुम्हाला गरज नाही.

कॅप्टननी आम्हाला हाताचे इशारे शिकवले. रस्त्यावर वीस सायकली एकामागे एक असल्या की पुढचा काय बघतोय ते मागच्याला कळत नाही. म्हणून पुढचा हातानं सांगतो, त्याच्या मागचा तोच हात करतो, असं करत इशारा शेवटपर्यंत जातो. खड्डा असला की बोट खाली. थांबायचं असलं की मूठ वर. वेग कमी करायचा असला की हात लांब करायचा, तळवा जमिनीकडे, आणि वरखाली करायचा. याला आम्ही नुसतं "हळू" म्हणतो. आणि सगळ्यात शेवटी जो असतो त्याला म्हणतात शेपूट. शेपटाचं काम सगळ्यात जोखमीचं. मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं, मोठी गाडी आली की "एक रांग!" म्हणून ओरडायचं, आणि समोरचा रस्ता मोकळा असला की मागच्या गाडीला हातानं सांगायचं, जा पुढे.

वर्षभरानं कॅप्टन म्हणाले, "आजपासून शेपूट तुम्ही. तुमचा आवाज वीस सायकली ओलांडून माझ्यापर्यंत येतो." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तोंडाचं कौतुक केलं. घरी येऊन मी ते सासऱ्यांना हातवारे करकरून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांना सुट्टी शुक्रवारी असते. म्हणजे आम्ही टी-शर्ट घालून रविवारची हवा खायला निघतो तेव्हा बाकीचे लोक डबा घेऊन कामावर निघालेले असतात. सातची शिफ्ट. गेटवर उशीर झाला तर ऐकून घ्यावं लागतं, कधी परतही पाठवतात. आणि आम्ही त्यांच्या वाटेत दोन-दोनच्या रांगा करून, गप्पा मारत, अर्धा रस्ता अडवून चाललेले. सुरुवातीला हॉर्न मारणाऱ्यांचा मला संताप यायचा. मी मागे वळून म्हणायची, "काय रे, रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" मग हळूहळू डोक्यात शिरलं की रस्ता माझ्याही बापाचा नाही.

त्या सगळ्यांत एक रिक्षा वेगळी होती. शेअर रिक्षा, अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेहून एमआयडीसीत कामगार नेणारी. मागच्या निळ्या रेक्झिनवर कोणीतरी पांढरं पापलेट रंगवलं होतं, चांगलं डोळ्याबिळ्यासकट. दर रविवारी साधारण एकाच ठिकाणी ती आमच्या मागे यायची. चालवणारा चाळिशीचा, शांत चेहऱ्याचा, बदलापूरकडच्या एका गावातला. त्याचा हॉर्न म्हणजे एकच टिचकी. पीं. बस. दुसऱ्यांदा नाही. मग तो मागे थांबायचा, आमच्याच वेगानं यायचा. मी ओरडून रांग एक करायची, समोर बघायची, आणि हात करायची. मी हात केला की तो निघायचा, आणि शेजारून जाताना आपला हात बाहेर काढून जरासा हलवायचा. एवढंच. ना ओळख, ना बोलणं. पण दर रविवारी त्या हाताची मला सवय झाली होती. एखाद्या रविवारी पापलेट दिसलं नाही तर मी शेटजींना म्हणायची, "आज आपला मासा आला नाही."

पावसाळा संपून रस्ते जरा कोरडे झाले होते तेव्हाची गोष्ट. एमआयडीसीतूनच बदलापूरकडे जाताना एके ठिकाणी नाल्यावर छोटा पूल आहे. तिथे रस्ता आवळतो, कडेला कठडाही धड नाही. आम्ही पुलाच्या अलीकडे होतो. मागे पीं झालं. मी वळून बघितलं, पापलेट. मी ओरडले, "एक रांग!" रांग झाली. तेवढ्यात समोरून पाण्याचा टँकर पुलावर येताना कॅप्टनना दिसला. त्यांनी हात खाली करून "हळू" दिलं. त्यांच्या मागच्यानं दिलं, त्याच्या मागच्यानं दिलं, असं करत शेटजींपर्यंत आलं. शेटजी माझ्या पुढे होते. त्यांनी दिलं. मी पण दिलं.

मागून रिक्षा निघाली. माझ्या शेजारून गेली, हात बाहेर काढून नेहमीसारखा हलवलासुद्धा, आणि मग त्याला टँकर दिसला. त्यानं डावीकडे घेतली. रिक्षाची कड शेटजींच्या हँडलला घासली. शेटजी सायकलसकट पुलाच्या तोंडाशी आडवे झाले, खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर माझंच ओरडणं एवढं होतं की दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

रिक्षा पुढे जाऊन थांबली. तो पळत मागे आला. रिक्षातली माणसं खाली उतरली, चार पुरुष आणि एक बाई, सगळ्यांच्या हातात डबे. तो शेटजींना उचलायला वाकला आणि मी त्याला ढकललं. खरंच ढकललं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, "डोळे फुटले का तुझे? समोर टँकर दिसत नाही? माणूस मारायचा होता का?"

तो घाबरलेला होता, पण माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ताई, तुमी हात केलाव नं."

"मी हात केला? कधी केला? खोटं बोलतोस? स्वतः माणूस पाडायचा आणि माझ्यावर ढकलायचं? खोटारडा मेला!" हे सगळं मी त्याच्या पाच पॅसेंजरांसमोर, माझ्या वीस सायकलवाल्यांसमोर, माझ्या त्या कौतुकाच्या आवाजात बोलले. कॅप्टननी रिक्षाच्या नंबरचा फोटो काढला. शेटजींना आम्ही दुसऱ्या एका गाडीतून दवाखान्यात नेलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात, दीड महिना दुकानात एका हातानं काम.

त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲपवर नुसता वणवा. एक म्हणाला रिक्षावाले सगळे असेच, दुसरा म्हणाला यांना सोडता कामा नये. ठरलं असं, की पोलिसांत आणि आरटीओत लेखी तक्रार द्यायची, सगळ्यांच्या सह्यांनी, आणि त्या माणसाचा बॅज रद्द करायची मागणी करायची. बॅज म्हणजे काय ते मला माहीत होतं. बॅज गेला की रिक्षा चालवायचा हक्क गेला. आणि तक्रार लिहायची कोणी? मागून बघणारी मीच एकटी. कॅप्टन म्हणाले, "तुम्ही जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहा. मंगळवारी संध्याकाळी शेटजींच्या दुकानात सह्या करू."

सोमवारी दुपारी काम बाजूला ठेवून मी लिहायला बसले. जसंच्या तसं. "आम्ही शिस्तीने एका रांगेत जात असताना, मी मागील वाहनास वेग कमी करण्याचा इशारा देऊनही..." इथे पेन थांबलं. म्हटलं, इशारा कसा ते पण लिहावं. तळवा खाली, हात लांब, की कसं? मी खुर्चीतून उठले, खिडकीकडे तोंड केलं, जणू सायकलवरच बसलेय, आणि हात मागे करून "हळू" केलं, रविवारी केलं होतं अगदी तसं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे पेपर खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, कण्हत उठले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय गं, बोलावलंस?"

मी म्हटलं नाही. मान हलवून सांगितलं, नाही, बसा. ते बसले. मी पुन्हा हात केला, या वेळी स्वतःच्या हाताकडे बघत. ते पुन्हा उठायला लागले. अगं आई गं.

कॅप्टननी शिकवलं होतं ते वेगळं होतं. पूर्ण हात लांब, खांद्यापासून. पण मी वर्षभर, दर रविवारी, पन्नास वेळा तेच करून करून हात आखूड केला होता. कंबरेशी, मनगट सैल, नुसती बोटं हलवायची. आणि "जा पुढे"चंही तसंच झालं होतं. शिकवलेला होता मागून पुढे फिरवलेला अख्खा हात, मी करत होते कंबरेशी बोटांची फडफड. त्या माणसाला मी दर रविवारी तेच करून पुढे जाऊ देत होते. घरात सासऱ्यांना "इकडे या" म्हणायची तीही हीच फडफड. दोन्ही इशारे झिजून झिजून एक झाले होते आणि मला पत्ता नव्हता. माझ्या पुढच्या लोकांना माझा हात दिसत नाही, मी शेवटची ना. तो दिसत होता फक्त मागच्या रिक्षावाल्याला. आणि तो त्या हातावर विसंबून निघाला होता.

खोटारडा मेला, म्हणाले होते मी त्याला.

आता इथे मी ताबडतोब उठून कॅप्टनना फोन केला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही केला. त्या दिवशी नाही, त्या रात्री जेवतानाही नाही. मी हिशेब केला की पापलेटवाला सोडला तर हे कोणालाच माहीत नाही, आणि त्याचं कोण ऐकणार आहे? मी सांगितलं तर शेटजींच्या हाडाचं खापर माझ्या डोक्यावर. शेपूट तर जाईलच. इतकी वर्षं तोंड आवर ऐकलेल्या बाईला एक जागा मिळाली होती जिथे तिचं तोंड चालत होतं, ती जाईल. चूक कबूल करायची म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो, हा माझा स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. तक्रार मी पूर्ण केली. इशारा देऊनही, असंच लिहिलं. कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

मंगळवारी दिवसभर हाताखाली काजं चुकत होती. कामाला येणारी बाई म्हणाली, "आज तुम्ही गप्प कशा? बरं नाही का?"

संध्याकाळी दुकानात गेले. शेटजी गादीवर, हात गळ्यात. कॅप्टन आणि अजून आठ-दहा जण. चहा झाला. कॅप्टननी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, म्हणाले, "छान लिहिलंय. करा सही, आधी तुमची." पेन पुढे केलं.

पेन हातात घेतलं आणि म्हटलं, "मी चूक लिहिलंय. मी त्याला पुढे बोलावलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, सासऱ्यांच्या खुर्चीसकट. कॅप्टन ऐकायला तयार नाहीत. म्हणाले, "अहो, तुम्ही मनाला लावून घेताय. हळू म्हणजे हळू. त्याला कळायला पाहिजे, तो लायसनवाला ड्रायव्हर आहे. सगळीकडे हीच खूण असते." मला राग आला. चूक माझी, आणि मलाच ती पटवून देण्यासाठी भांडावं लागत होतं! म्हटलं, "थांबा, दाखवते."

दुकानाच्या पायरीवर गेले, रस्त्याकडे पाठ केली, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि कंबरेशी हात मागे करून "हळू" केलं. म्हटलं, "असं केलं मी. आता सांगा, यात हळू कुठे..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत मागे करकचून ब्रेक लागला. एक रिकामी रिक्षा पायरीला येऊन टेकली होती. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "बोलो मॅडम, किधर जाना है?"

शेटजी हसले. खदखदून हसले, मग खांदा धरून "अरे मर गया" म्हणत कळवळले, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसले. "साईं, ये तो आ गया!" रिक्षावाला बिचारा आमच्याकडे बघत राहिला, मग काहीतरी पुटपुटत निघून गेला. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "माझंही चुकलं. वर्षभरात एकदा मागे येऊन बघायला हवं होतं." शेटजींची मी हात जोडून माफी मागितली. ते म्हणाले, "भाभी, हड्डी जुड़ जाएगी. उस आदमी से मिलो." त्यांच्या मोडक्या हाडापेक्षा त्यांना त्याची काळजी जास्त, आणि हे त्यांनी सहज म्हटलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

बुधवारी सकाळी अंबरनाथ स्टेशनच्या बाहेर रिक्षा स्टँडवर गेले. पापलेट लांबूनच दिसलं. रांगेत शेवटी, रिकामं. तो आत बसला होता. मला बघून उभा राहिला, चेहरा उतरला. त्याला वाटलं मी पोलीस घेऊन आलेय. मी कागद काढला, त्याच्यासमोर फाडला, म्हटलं, "दादा, हात मीच केला होता. चूक माझी होती. तक्रार होणार नाही. बॅजला धक्का नाही."

मला वाटलं होतं त्याचा जीव भांड्यात पडेल. तो म्हणाला, "बरां झाला." आणि पुन्हा सीटवर बसला. मी तिथेच घुटमळले. विचारलं, "मग गाडी रिकामी का? शिफ्टची वेळ आहे ना?"

तो म्हणाला, "ताई, बॅजचा मना तेवरा वाटला नाय. तुमी मना खोटारडा बोल्लाव. माज्या गारीतल्या मानसांसमोर. रोजची पाच मानसा माजी, सात वरसांची. आता दुसरे गारीत बसतात. बोलतात, हा मानसाला खाली पारतो आनि वरून खोटा बोलतो."

मी म्हटलं, "मी सांगते त्यांना."

"आज गेली ती," तो म्हणाला. "रयवारी या. तुमचा रयवार असतो नं."

रविवारी आमची मंडळी नाक्यावर जमायच्या आधीच मी सायकल घेऊन एकटी अंबरनाथला गेले. सव्वासहाला स्टँडवर. ती पाच माणसं आली, डबे घेऊन, आणि पापलेट ओलांडून पुढच्या रिक्षाकडे निघाली. मी त्यांच्या आडवी गेले. म्हटलं, "थांबा जरा." आणि मग काय सांगू, माझा आवाज फुटेना. तोच, वीस सायकली ओलांडणारा. मी कशीबशी पुटपुटले की त्या दिवशी माझी चूक होती, यांनी काही केलं नाही. मागच्या माणसाला तर ऐकूही गेलं नसेल.

तो रिक्षाला टेकून उभा होता. म्हणाला, "ताई, मोठ्यान बोला. त्या दिवशी बोल्लाव तसां."

बरोबरच होतं त्याचं. मी श्वास घेतला आणि ओरडले. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले, चहाची टपरी, स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं, सगळी वळली. "हा माणूस खोटं बोलला नाही! मी बोलले! मीच त्याला हात करून पुढे बोलावलं होतं आणि मीच त्याला खोटारडा म्हटलं! चूक माझी आहे!" आणि मग अजून एकदा, कारण एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही.

त्या पाचांतली बाई, पॅकिंगला जाणारी असावी, माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आम्हाला मागून काय दिसणार? तुम्ही एवढ्या जोरात बोललात म्हणून आम्हाला तेच खरं वाटलं." मग ती मागे फिरली, पापलेटात जाऊन बसली आणि डबा मांडीवर घेतला. दोघं तिच्या मागे गेले. दोघं नाही गेले, ते दुसऱ्याच रिक्षात बसले.

तो गाडी सुरू करताना म्हणाला, "चला, उशीर झाला."

शेपूट अजून मीच आहे. मी सोडायला निघाले होते, कॅप्टननी सोडू दिलं नाही. आता महिन्यातून एकदा ते स्वतः मागे येऊन आमचे हात बघतात, आणि मी "हळू" करते ते खांद्यापासून, ताठ, अख्खा हात. शेटजींचं हाड जुळलं. थंडी पडली की खांदा दुखतो म्हणतात, आणि दुखला की माझ्याकडे बघून हसतात.

पापलेट अजूनही रविवारी मागे येतं. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पीं झालं, मी रांग एक केली, समोर बघितलं, रस्ता मोकळा, आणि शिकवल्यासारखा अख्खा हात मागून पुढे फिरवला. रिक्षा हलली नाही. पुन्हा फिरवला. तरी नाही. मी मागे वळून बघितलं. तो माझ्या हाताकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "हात नको, ताई. तोंडान सांगा."

म्हणून आता दर रविवारी सकाळी त्या रस्त्यावर मी वळून, त्याच्याकडे बघून, जोरात ओरडते, "जा दादा, मोकळा आहे!" मगच तो निघतो. बाहेर हात काढतो, पण तो पूर्वीसारखा हलवत नाही, नुसता धरतो. मी ओरडेपर्यंत तो मागे थांबतो, कितीही वेळ लागला तरी.